टॅलोमारचा सहावा भाग

रुचीच्या घरी व्हिडिओ गेम होता, पण तो तिच्यासाठी आणलेला नव्हता. धुळ्याच्या आग्रा रोडवर तिच्या वडिलांचं, लालचंद छाजेड यांचं, पाइप आणि नळाच्या सामानाचं दुकान होतं आणि घर पांझरा नदीपलीकडे देवपुरात. थोरल्या भावाने, पारसने, अकरावीत असताना हट्ट करून गेमचं मशीन घेतलं, चार वर्षं त्याच्यासमोर डोळे फोडले आणि मग एक दिवस तो दुकानात बसायला लागला. मशीन वरच्या खोलीत टीव्हीखाली तसंच राहिलं. रुचीने ते हळूहळू आपलं करून घेतलं. कुणी तिला घे म्हटलं नाही आणि कुणी नको म्हटलं नाही.

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी कॉम्प्युटरच्या प्रॅक्टिकलला तिची जोडी हेमलता पावराबरोबर लागली. हेमलता यावल तालुक्यातली, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावरची. आईवडील पावसावरची थोडी शेती करत आणि उरलेले दिवस केळीच्या बागांत मजुरीला जात. आश्रमशाळेत शिकून ती इथवर आली होती आणि देवपुरातच आदिवासी मुलींच्या वसतिगृहात राहत होती. वर्गात ती फार बोलत नसे. पण प्रोग्राम चालेना झाला की सर सगळ्यांना सोडून तिच्याकडे बघायचे.

एका रविवारी रुचीने तिला घरी जेवायला बोलावलं. जेवण झाल्यावर दोघी वर गेल्या. पारस त्या दिवशी सुट्टीवर होता आणि जुन्या सवयीने खेळत बसला होता. 'टॅलोमार'चा तिसरा भाग. या मालिकेत एक बाई असते, मिठाची गोणी पाठीवर घेऊन डोंगरापलीकडच्या गावांना मीठ पोहोचवणारी. पहिल्या भागात तिच्याकडे घोडा असतो, तलवार असते, नकाशा असतो. दुसऱ्या भागात घोडा जातो. तिसऱ्यात नकाशा. पारस सकाळपासून एकाच बर्फाळ खोऱ्यात गोल गोल फिरत होता.

"बकवास करून ठेवली गेमची," तो म्हणाला. "नकाशा काढून घेतला. आता काय अंदाजाने चालायचं?"

हेमलता उभ्या उभ्या बघत होती. थोड्या वेळाने तिने विचारलं, "भाऊ, ते पाणी कुठं जातंय?"

"कुठलं पाणी?"

"ते. बर्फाखालून वाहतंय ते. आवाज येतोय ना."

पारसने तिच्या हातात कंट्रोलर दिला, चेष्टेनेच. तिने तो उलटा धरला. रुचीने सरळ करून दिला, कुठल्या बटणाने चालायचं ते सांगितलं. हेमलता सुरुवातीला भिंतींवर आपटली, दोनदा दरीत पडली. मग ती बाईला पाण्याच्या आवाजाशेजारून चालवत खाली नेऊ लागली. पाऊण तासाने समोर धूर दिसला, मग गाव. हेमलताने आयुष्यात बर्फ पाहिलेला नव्हता.

"पाणी उतरतं तिकडं गाव असतंच," ती म्हणाली. पारस खाली निघून गेला.

त्यानंतर ती दर रविवारी येऊ लागली. आधी त्यांनी तिसरा भाग संपवला, मग मागे जाऊन पहिला आणि दुसरा, मग चौथा आणि पाचवा. चौथ्यात तलवार नव्हती. कुणी अंगावर आलं तर फक्त लपायचं. रुचीला तो भाग आवडेना. ती चिडली की हेमलता हसायची.

"अगं, हीच तर गंमत आहे," ती एकदा म्हणाली. "बाकीच्या गेमांचा नवा भाग आला की काय करतात? नवी बंदूक, नवी गाडी, मोठं शहर. नुसतं भरत जातात. हे लोक काढून घेतात. मागच्या भागात आपण शहाणे झालेलो असतो ना, ते शहाणपण निकामी करून टाकतात. मग परत डोळे उघडे ठेवून चालावं लागतं."

"हे तू असंच्या असं कॅमेऱ्यासमोर बोल," रुची म्हणाली.

"येडी का काय."

पण रुचीने ते मनावर घेतलं. 'मिठाची वाट' नावाचं चॅनल काढलं. पारसच्या जुन्या कॉम्प्युटरवर एडिटिंग केलं, खातं त्याच्याच मोबाइल नंबरवर उघडलं, कारण तोच ईमेल त्या मशीनवर आधीपासून होता. चेहरा दोघींचाही दिसायचा नाही. पडद्यावर खेळ, एका कोपऱ्यात कंट्रोलर धरलेले हेमलताचे हात, आणि तिचा आवाज. रुची मधून मधून प्रश्न विचारायची. हेमलता मराठीत बोलायची आणि रंगात आली की अहिराणीत शिरायची: "आते देखा, यास्नी काय कयं!" म्हणजे आता बघा, यांनी काय केलं.

दर आठवड्याला ती एक गेम मालिका घेऊन तिची चिरफाड करायची. गाड्यांच्या शर्यतीची एक मालिका होती, तिच्या नऊ भागांत फक्त रस्त्याकडेची झाडं बदलली, हे तिने एकेक झाड दाखवून सिद्ध केलं. क्रिकेटच्या एका मालिकेत दरवर्षी नुसते खेळाडूंचे कपडे नवे येतात, तिला तिने 'शिंप्याची गेम' म्हटलं. तो व्हिडिओ खूप फिरला. एका भुतांच्या मालिकेचा सहावा भाग सगळ्यांनी नावं ठेवलेला. तिने तो कसा धाडसी आहे ते इतकं नीट समजावलं की खाली लोकांनी 'परत खेळून बघतो' असं लिहिलं. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी अडुसष्ट व्हिडिओ झाले होते आणि एकोणीस हजार लोक जोडले गेले होते. खाली चांगलं लिहिणारे असायचे तसे घाणेरडं लिहिणारेही. 'ही बाई कोणत्या जंगलातून पकडून आणली' असं एकाने लिहिलं, तर हेमलता म्हणाली, "बरोबर ओळखलं की." पण त्या आठवड्याचं रेकॉर्डिंग तिने तीनदा केलं, शब्द घासूनपुसून. रुचीने ते घासलेलं टाकलं नाही, पहिलंच टाकलं.

निकाल लागले. हेमलता वसतिगृह सोडून गावी गेली आणि रुचीचं लग्न ठरलं.

स्थळ जळगावचं होतं. मुलगा अर्पित, शांत स्वभावाचा, वडिलांबरोबर धान्याच्या व्यवहारात. साखरपुडा झाला आणि दहा दिवसांनी मध्यस्थ प्रेमराजकाका देवपुरात घरी आले. चहा झाला, खाकरे झाले. मग ते लालचंदजींना म्हणाले, "काही विशेष नाही. त्यांच्या नातलगांत कुणीतरी ते मोबाइलवरचं बघितलं. रुचीबेटीचा आवाज आहे म्हणे त्यात, नाव पण येतं. खाली लोक वाटेल ते लिहितात. त्यांचं म्हणणं एवढंच, की लग्नाआधी ते नसलं तर बरं."

लालचंदजी ओरडणाऱ्यांतले नव्हते. काका गेल्यावर त्यांनी रुचीला जवळ बसवलं. "काढून टाक ना बेटा. शेवटी खेळच तर आहे."

रुचीने वाद घातला नाही. पुढे कित्येक दिवस तिला हेच आठवत राहिलं, की तिने वादसुद्धा घातला नाही. तिच्या मनात होतं, सगळे व्हिडिओ कॉम्प्युटरवर आहेतच. हेमलताच्या नावाने दुसरं चॅनल काढून देऊ, माझा आवाज वगळून. व्हिडिओ नुसते लपवून ठेवता आले असते, तेही तिला माहीत होतं. पण 'काढलं' असं सांगायचं तर खरंच काढलेलं बरं, असं तिला त्या दिवशी वाटलं. चॅनल कायमचं पुसायला पारसच्या मोबाइलवर कोड येणार होता. तिने त्याला फोन लावला. तो दुकानात गिऱ्हाइकाला नळाच्या तोट्या दाखवत होता. त्याने सहा आकडे वाचून दाखवले आणि विचारलंही नाही कशाला हवेत. तिने ते भरले. पडद्यावर एक ओळ आली, की हे परत आणता येणार नाही. तिने बटण दाबलं.

संध्याकाळी हेमलताला सांगू, असं तिने ठरवलं. संध्याकाळी कपडे घ्यायला जायचं निघालं. दुसऱ्या दिवशी सुरतहून मावशी आली. मग उद्या, मग परवा. पाड्यावर रेंज नसते, लागणार नाही फोन, असं तिने स्वतःला दोनदा सांगितलं. फोन तिने लावून पाहिला नव्हता.

त्याच सुमारास हेमलताने पुण्यातल्या गेम बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीला अर्ज केला होता. नव्या गेमांचे आराखडे तपासायला त्यांना माणूस हवा होता. तिने अर्जासोबत नऊ पानं लिहून पाठवली: टॅलोमार पाच भागांनंतरही ताजी का वाटते. पानं त्यांना आवडली. त्यांनी कळवलं, की तुम्ही चॅनलचा पत्ता दिलाय तिथं काहीच दिसत नाही. कृपया पाच दिवसांत पुन्हा पाठवा, आम्हाला तुमचं बोलणं ऐकायचंय.

हे पत्र हेमलताने यावलला येऊन, रेंज मिळाल्यावर मोबाइलवर वाचलं. एस.टी. स्टँडवर उभं राहून तिने रुचीला फोन केला. दुसऱ्या दिवशी परत यावलला आली, परत केला. रुचीच्या घरी मेंदी होती, मग संगीत, मग लग्न. फोन मावशीच्या पर्समध्ये होता. लग्नानंतर चौथ्या दिवशी जळगावच्या घरात रुचीने तो हातात घेतला तेव्हा चौदा मिस्ड कॉल होते आणि एकाखाली एक मेसेज. 'चॅनल दिसत नाही गं.' 'कोणी रिपोर्ट मारला वाटतं.' 'काहीही करून दोन-तीन व्हिडिओ पाठव.' 'आज शेवटचा दिवस आहे.' 'रुची?'

शेवटच्या मेसेजला तीन दिवस होऊन गेले होते.

तिने पारसला फोन लावला. "दादा, वरच्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क काढून कुणाबरोबर तरी पाठव. आजच्या आज."

"तो कॉम्प्युटर कुठंय आता? मोडीत दिला ना. तू गेलीस, कोण वापरणार?"

"आणि डिस्क?"

"डिस्क चांगली होती, ती दुकानाच्या कॅमेऱ्यांना लावली. का?"

"त्याच्यात माझं सगळं होतं!"

"अगं, लावताना तो माणूस सगळं कोरं करूनच लावतो. आणि आता दोन दिवस रेकॉर्डिंग चाललंय त्याच्यावर. मला काय माहीत? तू तर चॅनल बंद केलंस ना?"

अडुसष्ट व्हिडिओंच्या जागी आता दुकानाचा गल्ला, पाइपांचे ढीग आणि आत-बाहेर करणारी माणसं होती. रुचीने हेमलताला एकच मेसेज पाठवला. 'डिस्क खराब झाली. सगळं गेलं. सॉरी.' फोन केला नाही. हेमलताचं उत्तर आलं नाही.

दीड वर्ष गेलं. जळगावचं घर वाईट नव्हतं. सासूबाई जेवताना तिला आग्रह करायच्या, अर्पित तिला कधी टाकून बोलला नाही. दुपारी ती धुतलेले कपडे घड्या करायची आणि कधी कधी घडी अर्धवट सोडून बसून राहायची. अर्पितच्या ते लक्षात आलं असावं. तिच्या वाढदिवसाला त्याने एक खोकं आणलं. नवं मशीन, आणि त्याबरोबर टॅलोमारचा सहावा भाग.

"पारसभाई म्हणाले तुला आवडायचं हे," तो संकोचून म्हणाला. "मम्मीला मी सांगितलंय. घरात खेळायला कोण काय म्हणणार?"

रुची खोक्याकडे बघत राहिली. ज्या घरासाठी तिने ते सगळं पुसलं होतं, त्या घराला त्याचं काहीच वाटत नव्हतं. अर्पितला प्रेमराजकाकांचा निरोपही ठाऊक नव्हता. बोलणं मोठ्यांमध्ये झालं होतं आणि मोठे ते विसरूनही गेले होते.

दोन दुपारी ती हॉलमध्ये खेळली. सासूबाईंनी शेंगदाणे आणून ठेवले, कौतुकाने म्हणाल्या, "केवढा डोंगर गं!" सहाव्या भागात सगळं परत आलं होतं. घोडा होता, तलवार होती, नकाशा होता, आणि कुठं वळायचं ते दाखवणारा सोनेरी बाण. सोबतीला एक बडबडी पोरगी होती, ती दर दोन मिनिटांनी पुढे काय करायचं ते सांगायची. रुचीला काही लागत नव्हतं, काही अडत नव्हतं. गेम वाईट आहे की आपल्यालाच खेळवत नाही, हे तिला ठरवता येईना. ते सांगू शकणारं माणूस एकच होतं.

तिसऱ्या दिवशी ती अर्पितला म्हणाली, "मला यावलला जायचंय. कॉलेजची मैत्रीण आहे."

"गाडीने सोडू का?"

"नको. बसने जाईन."

यावलला उतरून तिने पाड्याकडे जाणारी जीप धरली, पण जीपमधल्या एका बाईने विचारपूस करून तिला मध्येच उतरवलं. "गेंदानी पोर हेमलता ना? ती आठेच शे, शेडमा." रस्त्याकडेला पत्र्याची मोठी शेड होती. बागांतून आलेले केळीचे घड तिथं फोडत, फण्या पाण्याच्या हौदात धूत आणि खोक्यांत भरत. सात-आठ बाया हौदाभोवती उभ्या होत्या. हेमलता त्यांच्यात होती. डोक्याला ओढणी बांधलेली, हात कोपरापर्यंत पाण्यात. केळीच्या चिकाने तिची बोटं काळी पडली होती.

तिने रुचीला बघितलं आणि चटकन हात बाहेर काढून कमरेच्या फडक्याला पुसले.

"अगं, तू?" ती म्हणाली आणि हसली. "जाड झालीस."

जेवायची सुट्टी व्हायची होती, पण शेडवर देखरेख करणाऱ्या उखर्डूआबांनी पाहुणी बघून तिला सोडलं. दोघी बाहेर केळीच्या पानांच्या ढिगाशेजारी बसल्या. हेमलताने सांगितलं की वडिलांचा पाय बागेत पाइपलाइनच्या चारीत पडून मोडला, तो नीट जुळला नाही. ते आता घरीच असतात. ती इथं आल्याला वर्ष झालं.

"आणि ते पुण्याचं?" रुचीने विचारलं.

"त्यांनी दुसरं कोणी घेतलं. मी नंतर परत लिहिलं होतं त्यांना. ते म्हणाले, पुढं जागा निघाली तर कळवू. मग ती कंपनीच बंद झाली." तिने खांदे उडवले. "ते जाऊ दे. सहावा आला ना? खेळलीस?"

"खेळले."

"कसा शे?"

रुची सांगू लागली. घोडा, तलवार, नकाशा, सोनेरी बाण. हेमलता पुढे सरकून ऐकत होती. मध्येच तिने हात वर केला. "थांब. बाण सारखा दिसतो की दाबल्यावर?"

"सारखा."

"बंद करता येतो?"

"येतो. पण बंद केला की ती सोबतची पोरगी तोंडाने सांगते."

"म्हणजे ज्याने रस्ता बनवला त्याने बाण धरूनच बनवलाय. पाण्याचा आवाज आहे का? वारा कुठून येतो ते कळतं?"

रुचीने आठवून बघितलं. "नाही. गाणंच वाजत असतं सारखं."

"मेलं मग," हेमलता म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. "घाबरले ते. पाचव्यात कुणी बोलतच नव्हतं ना, तो लोकांना जड गेला असणार. विक्री कमी झाली असेल. मग सगळ्यांनी बसून ठरवलं असणार, लोकांना काय काय आवडलं होतं ते सगळं, बठ्ठं टाकून द्या. पण अगं, लोकांना घोडा कुठं आवडला होता? घोडा गेल्यावर त्याची आठवण आवडली होती. परत दिला की ती पण गेली."

रुची हसली. पुष्कळ दिवसांनी ती अशी हसली. "बोल ना अजून. सातवा कसा करायला पाहिजे?"

हेमलता विचारात पडली. "सातव्यात मीठ काढून घ्यायचं," ती म्हणाली. "गोणी रिकामी. सगळ्या गावांना ती ओळखीची झालीय, वाट बघतात. आणि ती रिकामी जाते. तिनं दारात जाऊन काय सांगायचं, तेवढीच गेम."

केळी घेऊन एक ट्रॅक्टर आत वळला. रुचीला इतकं हलकं वाटत होतं की तिला वाटलं, आता सांगता येईल. हिला राग नाही. हिने सगळं मागे टाकलंय. आता नाही सांगितलं तर कधीच नाही.

"हेमा, ते चॅनल रिपोर्ट मारून गेलं नव्हतं."

"मग?"

"मी काढलं. सासरचे म्हणाले म्हणून. म्हणजे, थेट म्हणालेही नाहीत, निरोप आला. डिस्क नंतर गेली. आधी मीच पुसलं होतं. तुला न विचारता."

हेमलताने तिच्याकडे बघितलं.

"कधी?"

"लग्नाच्या पंधरा दिवस आधी."

"पंधरा दिवस," हेमलता म्हणाली. "मी तुला फोन लावत होते तेव्हा तुला माहीत होतं का मी कशासाठी लावते?"

"नाही गं, शपथ. फोन माझ्याकडे नव्हता. पण नंतर मेसेज वाचले तेव्हा कळलं. मग तोंड दाखवायची हिंमत झाली नाही."

"मी बठ्ठ्यास्ले सांगे," हेमलता हळू आवाजात म्हणाली. तिला आपण अहिराणीत बोलतोय हेही कळलं नसावं. "शेडमा, घर, बठ्ठ्यास्ले. काही हरामखोर पोरं होती, माझी बोली ऐकून जळायची, त्यांनी बंद पाडलं. मी त्यांना शिव्या घालत झोपायचे. मला वाटायचं, मी चांगली होते म्हणून त्यांनी बंद पाडलं."

"तू चांगलीच होतीस."

"हे सांगायला आलीस तू?"

"मला राहवेना. तुझ्यापासून लपवून..."

"आता तुला बरं वाटेल," हेमलता म्हणाली. आवाजात राग नव्हता, म्हणून रुचीला ते जास्त लागलं. "मला कशाला सांगितलंस पण? माझ्याकडे ते एकच होतं."

रुची घाईघाईने बोलू लागली. आपण परत सुरू करू. माझ्याकडे नवं मशीन आहे, मी ते तुला आणून देते. अर्पितला मी सांगेन, तो नाही म्हणणार नाही. सहाव्या भागावर तू आत्ता बोललीस तेच बोल, लोक वेडे होतील. पुण्यात दुसऱ्या कंपन्या आहेत.

"पाड्यावर दिवसाचे सहा तास लाइट नसते," हेमलता म्हणाली. "आणि मी इथं सकाळी सातला येते." ती उठली, ओढणी परत डोक्याला घट्ट बांधली. "तुला जीप साडेतीनला मिळेल. इथंच थांब, सावली आहे."

ती आत गेली. बाकीच्या बायांनी काहीतरी विचारलं, तिने मान हलवली आणि हात हौदात घातले. रुची साडेतीनपर्यंत तिथं बसून होती. हेमलताने एकदाही बाहेर बघितलं नाही.

जळगावला परतल्यावर रुचीने रोज एक मेसेज पाठवला. पहिले काही पोहोचले, कुणी वाचले नाहीत. मग ते पोहोचेनासे झाले. मशीन तिने खोक्यात भरून ठेवलं. पाठवायचं तर कुठे, हे ठरत नव्हतं. सासूबाईंनी दोनदा विचारलं, "तो डोंगर नाही का खेळत हल्ली?" मग त्यांनीही विचारायचं सोडलं.

थंडी पडल्यावर ती पुन्हा यावलला गेली. या वेळी अर्पित गाडी घेऊन सोबत आला. वाटेत त्याने विचारलं, "भांडण झालंय का तुमचं?" तेव्हा रुचीने त्याला पहिल्यापासून सगळं सांगितलं. तो गाडी चालवत ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "मला विचारलं असतंस तर मी काढू नको म्हटलं असतं गं. मला तर तो शिंप्याचा व्हिडिओ आवडला होता."

शेडमध्ये हेमलता नव्हती. उखर्डूआबा म्हणाले, दिवाळीनंतर यायची बंद झाली. ते दोघे पाड्यावर गेले. गाडी ओढ्याअलीकडे ठेवून चालत. कुडाच्या घरासमोर हेमलताचा बाप गेंदा खाटेवर बसला होता, मोडलेला पाय लांब करून. हेमलताची आई गुंताबाई अंगणात चारोळ्या फोडत होती. तिने रुचीला कधी पाहिलं नव्हतं, पण नाव सांगताच तिचा चेहरा उजळला.

"धुळानी रुची? ये बाई, ये, बस."

"मावशी, हेमलता कुठंय?"

"ती गयी. टोळी उनी व्हती, गुजरातमा कामले लई गयी. तिना संगे बारा जणी शेत."

"गुजरातमध्ये कुठं?"

गुंताबाईने मान हलवली. "माले नही माहीत. धनसिंग मुकडदमले माहीत, पन तोबी तठेच शे. फोन तिना बंद शे." मग ती काळजीने म्हणाली, "का गं बाई? काही काम निघनं का तिनासाठे?"

अर्पितच म्हणाला, "नाही मावशी. सहज भेटायला आलो होतो."

गुंताबाईने दोघांना बसवून काळा चहा दिला. हेमलता घरात रुचीबद्दल काय काय सांगायची ते ती सांगत राहिली. धुळ्याला रविवारी जेवायला घालायची, परीक्षेला स्वतःचं पुस्तक द्यायची, आजारी पडली तर वसतिगृहावर डबा आणायची. गेल्या काही महिन्यांत घडलेलं तिला काहीच माहीत नव्हतं. हेमलताने घरी सांगितलं नव्हतं. निघताना गुंताबाईने आत जाऊन एक पिशवी आणली. फोडलेल्या चारोळ्या होत्या, पावशेर तरी असतील, तिच्या दोन-तीन दिवसांचं काम.

"नको मावशी," रुची म्हणाली. "खरंच नको."

"काबर नको? तू मनी पोरनी मैतरीण शे." गुंताबाईने पिशवी तिच्या हातात कोंबली आणि तिच्या मुठीवर आपली मूठ दाबून धरली, की परत देता येऊ नये.

रुचीने पिशवी घेतली. गाडीत बसल्यावर तिने ती मांडीवर ठेवली, मग पायाशी, मग पुन्हा मांडीवर. अर्पितने गाडी सुरू केली आणि विचारलं, परत कधी यायचं. ती म्हणाली, "येऊन काय करू?" आणि खिडकीची काच वर केली, कारण बाहेरचा वारा फार गार होता.